मूल हवे आहे? मग वेळ सांभाळा



कुटुंबनियोजनवाले आले की पाळणा थांबवा एवढेच सांगणार, असा तुमचा समज. पण ज्यांच्या घरी पाळणा हललाच नाही, त्यांच्याशी बोलणे हेही आमचेच काम आहे.

वर्षभर एकत्र राहून, कोणतेही साधन न वापरता दिवस राहिले नाहीत, तर दोघांनीही तपासून घ्यावे. हो, दोघांनीही! पुष्कळदा पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू कमी असतात आणि बोल मात्र बाईला लागतो. बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच दवाखाना गाठावा.

काही जोडप्यांना डॉक्टर आय.यू.आय. सुचवतात. नवऱ्याचे वीर्य धुऊन त्यातले चपळ शुक्रजंतू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. भूल नाही, टाका नाही, काही मिनिटांचे काम. सगळी मेख आहे ती वेळेत. बीजकोशातून सुटलेले स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास टिकते. म्हणून सोनोग्राफीने बीजाची पिशवी मोजतात. ती १८ ते २० मिलिमीटर झाली की बीज सुटण्याचे इंजेक्शन देतात. त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज सुटते. सोमवारी रात्री दहाला सुई घेतली, तर बुधवारी सकाळी दहाचा सुमार. दहा म्हणजे दहाच, जेवणखाण आटोपल्यावर नव्हे.

माझ्या माहितीतल्या एका जोडप्याने सुई वेळेवर घेतली, पण नेमक्या दिवशी अमावास्या आली. सासूबाई म्हणाल्या, दोन दिवसांनी जा. तोवर बीज विरून गेले. महिना वाया, उसने आणलेले पैसे वाया. सून माझ्यापाशी रडली, नवरा खाली मान घालून बसला. बीजाला पंचांग कळत नाही, हे सासूबाईंना मी परोपरीने समजावले. पुढच्या खेपेस त्याच सुनेबरोबर एस.टी.त बसल्या!

दिवस राहिले का, विचाराल. त्या खेपेस नाही. एका खेपेत शंभरातल्या दहा-पंधरा जणींनाच राहतात, तेव्हा तीन-चार खेपांची तयारी ठेवूनच सुरुवात करा.

वीर्य त्याच दिवशी द्यायचे असते, त्याआधी दोन ते पाच दिवस संबंध टाळावा. त्या दिवशी नवऱ्याने ऊसतोडीचे कारण सांगू नये. पहिली गाडी चुकण्याची धास्ती असेल तर आदल्या रात्रीच तालुक्याला मुक्काम करा. केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेले आहे ना, ते आधी विचारा. आणि पाळी चुकली का, हे रोज बोटांवर मोजत बसू नका. १४ दिवसांनी तपासणीला या.