न चालणारे नाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हे नाणे मागच्या रांगेपर्यंत फिरवते. पाहून परत द्या हं, ह्यावरून आमच्या घरी आठ दिवस वाद चालला होता. भाच्याने ते क्योतोच्या बाजारातून आणले. मधोमध चौकोनी भोक, एका बाजूस हसरा, गुबगुबीत देव. हातात मोगरी, खांद्यावर झोळी, पायाखाली तांदळाच्या गोण्या. हा दाइकोकु. मागल्या बाजूस मासा घेतलेला एबिसु, कोळ्यांचा व व्यापाऱ्यांचा देव.

अशा नाण्यांना जपानात ‘एसेन’, म्हणजे चित्रनाणी, म्हणतात. एदो काळात (१६०३ ते १८६८) ती पुष्कळ ओतली गेली. घडण चलनी नाण्याची, पण दुकानात चालायची नाहीत. भाग्यासाठी जवळ बाळगायची. नकलाही फार निघाल्या. आमचे जुनेच आहे असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

सासूबाई ते देव्हाऱ्यात ठेवायला निघाल्या आणि मी आगाऊपणे म्हटले, “हा आपला महाकाल बरं का!” दाइकोकु म्हणजे ‘मोठा काळा’, महाकालाचेच भाषांतर. झाले! “महाकाल उज्जैनीला. संहाराचा देव लेकराबाळांच्या घरात नको,” त्या म्हणाल्या.

मलाही कोडे पडले. संहाराचा देव गोण्यांवर उभा राहून हसतो कसा? उत्तर स्वयंपाकघरात सापडले. सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्षू हिंदुस्थानात आला होता. तो लिहितो की, इथल्या मोठ्या विहारांत मुदपाकखान्याच्या खांबाशी किंवा दाराशी एक लाकडी मूर्ती असे. हातात सोन्याची थैली, एक पाय खाली सोडलेला, तेल चोळून चोळून काळीभोर झालेली. जेवणाच्या वेळी तिला धूप नि नैवेद्य. नाव महाकाल! तोच पुढे चीनमार्गे जपानात गेला, तिथल्या ओकुनिनुशी देवाशी एकरूप झाला आणि हसू लागला.

१८८५ साली बँक ऑफ जपानने पहिल्या नोटा काढल्या, त्यांवर हाच देव. कागद चिवट व्हावा म्हणून त्यात कोन्याकू कंदाचे पीठ घातले, तर उंदरांनी नोटा कुरतडल्या. आणि उंदीर तर ह्याच देवाचा सेवक!

सासूबाईंनी सारे ऐकून घेतले. देव्हाऱ्यात नाणे गेले नाहीच. पण दुसऱ्या दिवशी पाहते तो, तांदळाच्या डब्यात, कागदात गुंडाळून ठेवलेले. आज तिथूनच काढून आणले आहे. संध्याकाळी भात लावण्यापूर्वी परत जागेवर हवे.