पोटातला दगड



दाराशी लावलेल्या फळ्यावर आजचा विषय वाचून ऐंशीच्या घरातल्या एका गृहस्थांनी मघाशी आम्हांला थांबवले. ते मूळचे पाटणकडचे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे ते घरातून धावत अंगणात आले आणि मागे वळून पाहतात तो भिंत अंथरुणावर आडवी झालेली. त्यांनी विचारले, "दगड जमिनीच्या पोटात फुटतो म्हणता, पण वर एवढे ओझे असताना त्याला फुटायला जागा कुठे मिळते?" प्रश्न दिसायला साधा आहे, पण आमच्या मते या विषयाची सारी मेख त्यातच आहे. तेव्हा टिपण बाजूला ठेवून आम्ही त्यांच्याच प्रश्नाच्या मागे जाणार आहोत.

वरचा दगड कसा फुटतो हे आपल्याकडचा पाथरवट चांगले जाणतो. तो धोंड्यावर सरळ रेषेत भोके पाडतो, त्यांत पाचरी बसवतो आणि ओळीने ठोकत जातो. धोंडा दुभंगतो. दगडाला दाबण्यापेक्षा ताणून तोडणे कितीतरी सोपे असते. पाचर नेमके तेच करते. जाळाचाही उपयोग लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. कातळावर जाळ करावा, तो चांगला तापला की वर थंड पाणी ओतावे, म्हणजे त्याचे पापुद्रे सुटतात. कारण तापलेली बाजू फुगते, आतली थंड बाजू फुगत नाही; शिवाय दगडात निरनिराळ्या खनिजांचे कण असतात आणि ते सारखे फुगत नाहीत. कणाकणांत ओढाताण होते आणि मुळात असलेल्या बारीक भेगा रुंदावतात. येथे 'मुळात असलेल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बिनभेगेचा दगड सृष्टीत जवळजवळ नाहीच.

आता हाच दगड खाली न्या. दर किलोमीटरला वरच्या खडकाचे ओझे चौरस सेंटिमीटरमागे सुमारे 270 किलोने वाढते. दहा किलोमीटरवर नखाएवढ्या जागेवर पावणेतीन टनांच्या आसपास भार येतो, आणि तो दगडाला सर्व बाजूंनी आवळत असतो. तेथे पाचरीचा न्याय चालत नाही. भेग उघडू पाहते, पण बाजूचा दाब तिला मिटवून टाकतो. फोन कारमान या तरुण संशोधकाने जर्मनीत संगमरवराचे छोटे स्तंभ चहूबाजूंनी द्रवाच्या दाबात ठेवून वरून चेपले. 1911 साली हे प्रयोग प्रसिद्ध झाले. मोकळ्या हवेत जो संगमरवर तडकून तुकडे होत असे, तोच मोठ्या दाबाखाली अधिक भार तर सोसू लागलाच, पण न तुटता मधोमध पिंपासारखा फुगला. म्हणजे दाबाने दगड बळकट होतो आणि भंगुरपणाही सोडू लागतो. हेच गृहस्थ पुढे विमानविद्येत जगप्रसिद्ध झाले.

दाबाबरोबर उष्णताही वाढते. सर्वसाधारणपणे किलोमीटरमागे 25-30 अंश. दख्खनसारख्या जुन्या, निवलेल्या भूमीत त्याहून कमी. पण हा हिशेब दर ठिकाणी फसवू शकतो. रशियाच्या कोला द्वीपकल्पात 1970 साली एक छिद्र घ्यावयास प्रारंभ झाला. ते 1989 साली 12,262 मीटरांवर गेले. तळाशी शंभर अंश उष्णता असेल असा अंदाज होता, निघाली 180. त्या उष्णतेत खडक ठिसूळपणाने वागेना, छिद्र टिकवणे अवघड झाले आणि 15,000 मीटरांचा संकल्प सोडावा लागला. तिथे आणखी एक गोष्ट दिसली: सात किलोमीटरच्याही खाली भेगाळलेला खडक होता आणि त्या भेगांत पाणी होते. इतक्या खोलीवर सर्व भेगा मिटलेल्या असतील, ही समजूत त्या दिवशी मोडली.

तर दाब दगडाला बळकटी देतो आणि उष्णता ती काढून घेते. सुमारे तीनशे अंशांवर गारगोटीचे कण हळूहळू वाहू लागतात. वितळत नाहीत हं; घनच राहतात, पण हजारो-लाखो वर्षांच्या रेट्याने आकार बदलतात. जमिनीखाली सगळीकडे लाव्हा उकळत असतो, ही आपली एक आवडती कल्पना आहे, तीही येथे सोडून द्यावी. या दोहोंच्या ओढाताणीत खंडांच्या कवचाचा सर्वांत बळकट पट्टा बहुधा दहा ते पंधरा किलोमीटरांच्या आसपास येतो. त्याच्या वर दाब कमी, खाली उष्णता फार. मोठे भूकंप पुष्कळदा याच पट्ट्याच्या आसपास सुरू होतात. जो सर्वांत जास्त सोसतो तोच सुटला म्हणजे सर्वांत जास्त हादरवतो.

पण फुटायला जागा कुठे, हे राहिलेच! उत्तर असे की खोलवर दगड उघडत नाही, सरकतो. जुन्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात; त्या बाजूला न होता एकमेकींवरून घसरतात. त्याला रिकामी जागा लागत नाही. लागतो तो दाबातला फरक. चारी बाजूंनी सारखे आवळले तर दगड कितीही भार सहन करील. एका दिशेने जास्त, दुसरीने कमी, असे झाले की तिरकी ओढ निर्माण होते. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. त्या 2001 साली बंद झाल्या. तेथे बोगदा काढला की खडकाची एक बाजू मोकळी होई आणि भिंतीचा दगड एकाएकी स्फोटासारखा उडे. त्यात माणसे दगावली आहेत.

तिरक्या ओढीला थोपवून धरते ते घर्षण, आणि घर्षणाचा शत्रू पाणी. येथे तेलासारख्या गुळगुळीतपणाचा विचार मनात आणू नये. गरम पाण्याने धुतलेला पेला ओल्या ओट्यावर पालथा घातला तर तो आपोआप सरकतो, हे घरातल्या बायकांनी पाहिलेले असेल. आतली हवा तापून पेल्याला किंचित उचलून धरते, म्हणून ओट्यावरचा त्याचा भार कमी होतो. भेगेतले पाणी दाबाखाली असले की तेही भेगेच्या दोन बाजूंना असेच उचलून धरते. अमेरिकेत डेन्व्हरजवळ 1962 साली सांडपाणी 3,671 मीटर खोल विहिरीत दाबाने सोडू लागले, आणि महिन्याभरात शांत मुलखात धक्के सुरू झाले. 1966 साली पाणी थांबवले. तरी सर्वांत मोठे धक्के 1967 साली आले, कारण आत शिरलेल्या पाण्याचा दाब पसरतच होता. जर्मनीत बव्हेरियातल्या 9,101 मीटरांच्या छिद्राच्या तळाशी उष्णता सुमारे 265 अंश. तेथे 1994 साली अवघे 200 घनमीटर खारे पाणी ढकलले तर चारशेच्या आसपास सूक्ष्म धक्के नोंदले गेले. म्हणजे तेवढ्या खोलीवरचा खडकही तुटण्याच्या काठावरच उभा असतो.

आता पाटणकडे येऊ. कोयनेच्या 103 मीटर उंच धरणात 1962 पासून पाणी साठू लागले, लगेच बारीक धक्के जाणवू लागले आणि पाच वर्षांनी 6.3 तीव्रतेचा तो भूकंप झाला. पाण्याच्या वजनाने जमीन खचली, असे आजही सांगतात. धरणाचे वजन आपल्याला प्रचंड वाटते, पण पाच किलोमीटर खडकाच्या भारापुढे शंभर मीटर पाण्याचा दाब कितीसा? चौरस सेंटिमीटरमागे 10 किलो! मुळातला रेटा भारतीय भूखंड उत्तरेकडे आशियावर जाऊन भिडतो त्यातला. पाण्याने एवढेच केले की आधीच काठावर असलेल्या भेगेची पकड थोडी ढिली केली. पावसाळ्यात धरण भरते आणि धक्क्यांची संख्या पाऊस सरल्यावर वाढते, त्याचे एक कारण हेच असावे. पाण्याच्या दाबाला खडकातून खाली जावयास वेळ लागतो. 1993 साली किल्लारीला कोयनेएवढे धरण नव्हते, तरी भूमी फुटली. रेटा सर्वत्र आहे. त्यामुळे "धरणाने भूकंप केला" हे वाक्य आम्हांला अर्धेच खरे वाटते, आणि "धरणाचा संबंध नाही" हे त्याहूनही कमी खरे.

हे अनुमानावर न ठेवता पाहण्यासाठी कराडजवळ हजारमाचीला केंद्र शासनाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे येथे 2017 साली तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. सव्वा किलोमीटरभर आपला ओळखीचा काळा पाषाण लागला. त्याखाली एकदम ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक. कोयनेचे बहुतेक धक्के या खडकात, दहा किलोमीटरच्या आत होतात. अशा छिद्रात उष्णता, भेगांची दिशा, खडकावरचा ताण मोजता येतो. पुढचा भूकंप कोणत्या तारखेस, हे मात्र त्यातून निघणार नाही. तशी आशा कोणी दाखवली तर त्याला घरी पाठवावे.

त्या गृहस्थांनी व्याख्यान सुरू होण्यापूर्वी आणखी एक गोष्ट सांगितली. घर त्यांनी पुन्हा त्याच जागी बांधले, पण या खेपेस मातीत रचलेल्या धोंड्यांची भिंत न घालता कोपऱ्यांत सळ्या घेतल्या आणि वर सिमेंटचा पट्टा फिरवला. त्यानंतरचे धक्के त्या भिंतीने सोसले. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. कोणास पट्टा किती जाड घेतला हे विचारायचे असेल तर त्यांनाच विचारावे, ते आमच्यापेक्षा बरे सांगतील.