आधी थांबे, मग रस्ता
(मंडळाच्या वर्धापनदिनी हिवरा आश्रम येथे केलेले भाषण)



गेल्या माघात आपण बारा जणी राजस्थानात जाऊन आलो. त्याची हकिगत आजच्या सभेत सांगावी, अशी आपल्या चिटणीसबाईंची आज्ञा झाली. परंतु प्रवासवर्णन करणे माझ्याच्याने व्हायचे नाही. तिकडची वाळू कशी दिसते, किल्ला सोन्यासारखा कसा चमकतो, हे ज्या गेल्या होत्या त्यांनी पाहिलेच आहे. ज्या गेल्या नव्हत्या त्यांनी पुढच्या खेपेस स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मला बोलायचे आहे ते जाण्याआधीच्या गोष्टीविषयी. जोधपूरपासून जैसलमेरपर्यंतची वाट आपण कशी आखली, कशावरून भांडलो आणि काय सोडून दिले, एवढेच मी सांगणार आहे.

आखणीची आपल्याला सवय नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्या गावी दरवर्षी विवेकानंद जन्मोत्सवाला जी महापंगत बसते, तिच्यात ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. एवढ्या माणसांच्या पानांवर अन्न वेळेवर पडते, ते काय आपोआप पडते? मात्र प्रवासाची आखणी आजवर घरातील पुरुषमंडळींनी किंवा यात्रा कंपनीने करायची आणि आपण डबे भरायचे, अशीच रीत होती. या वेळी आपण डबेही भरले आणि वाटही आखली.

त्याला कारण घडले. चार वर्षांपूर्वी मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई एका यात्रेला गेलो होतो. ऐन वैशाखातली यात्रा, खचाखच भरलेली बस. गाडी कोठे थांबणार, किती वेळ थांबणार, हे कोणी सांगत नसे. पुरुष मंडळी रस्त्याच्या कडेला कोठेही उतरत. बायकांनी काय करायचे, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. आम्हीही तो कोणाला विचारला नाही, कारण विचारण्याची लाज वाटे. मग बायकांनी आपला जुनाच उपाय केला. पाणी पिणे बंद केले. सकाळचा अर्धा कप चहा, तो झाला की दिवसभर ओठ ओले करायचे नाहीत. चौथ्या दिवशी जाऊबाईंना सडकून ताप भरला. लघवीला आग, थंडी, पाठीत कळा. वाटेतल्या एका शहरात दोन दिवस दवाखान्यात काढले. यात्रा पुढे निघून गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पाणी कमी आणि लघवी तुंबवलेली, दुसरे काय होणार?” त्या यात्रेतले एकही देऊळ मला धड आठवत नाही. आठवते ती खिडकीशी बसून, भरलेली बाटली मांडीवर धरून, न पिता बसलेली आमची जाऊबाई.

म्हणून वाळवंटात जायचे ठरले तेव्हा मी सभेत एकच म्हटले, की आपण आधी थांबे आखू आणि रस्ता मागाहून आखू. काही जणी हसल्या. काही जणी मात्र हसल्या नाहीत, आणि त्या का हसल्या नाहीत हे मला ठाऊक होते.

प्रथम ऋतूचा प्रश्न आला. आपल्यातील शिक्षिका भगिनींना मे महिन्याची सुट्टी सोयीची होती. पण याच वाटेवरच्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश उष्णतेची नोंद झाली आहे, हे वाचून दाखविल्यावर त्यांनीच आपला हट्ट सोडला. भाद्रपदही सोडावा लागला, कारण तेव्हा रामदेवऱ्याला बाबा रामदेवांची मोठी यात्रा भरते आणि रस्ते पायी चालणाऱ्यांनी फुलून जातात. राहिला हिवाळा. तूर घरात आलेली, जन्मोत्सव पार पडलेला आणि हरभरा अद्याप काढायला यायचा आहे, असे माघातले दहा दिवस आपल्यापुरते नेमके सापडले. प्रवासाची तिथी शेताला विचारूनच ठरवावी लागते, हे शहरातल्या लोकांना सांगून कळायचे नाही.

नंतर वाटेचा प्रश्न. जोधपूरहून जैसलमेरला जायला सरळ रस्ता आहे तो देचूवरून पोकरणला निघतो. अंतर सुमारे २८५ किलोमीटर. न थांबता पाच-साडेपाच तासांत माणूस पोचतो. दुसरा रस्ता ओसियाँ, फलोदी, रामदेवरा असा वळसा घेऊन पोकरणलाच मिळतो. तो सुमारे ३१० किलोमीटर. फरक पंचवीस किलोमीटरांचा, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचा. सरळ रस्त्यावर पाहण्यासारखे थोडे. वळशाच्या रस्त्यावर ओसियाँची देवळे, खीचनचे पक्षी आणि रामदेवरा. परंतु मला तो पसंत पडला तो निराळ्या कारणाने. मी वहीत एक उभी रेघ ओढली आणि तिच्यावर गावे मांडली. जोधपूर ते ओसियाँ सुमारे ६५ किलोमीटर, ओसियाँ ते फलोदी ७५, फलोदी ते रामदेवरा ५०, रामदेवरा ते पोकरण १२. म्हणजे दर दीड तासाच्या आत एक गाव, एक धर्मशाळा किंवा बरासा ढाबा. जेथे पाहण्यासारखे काही असते तेथे माणसे येतात, आणि जेथे माणसे येतात तेथे बहुधा बायकांसाठी आडोसाही असतो. देखणा रस्ता आणि सोयीचा रस्ता एकच निघाला!

पोकरण ते जैसलमेर मात्र ११० किलोमीटर. मध्ये लाठी आणि चांदन ही गावे लागतात. चांदन साधारण मध्यावर पडते, म्हणून तेथे पंधरा मिनिटे लिहून ठेवली.

तिसरा प्रश्न वेळेचा आणि त्यावर खरी भांडणे झाली. खीचन हे फलोदीला लागून असलेले गाव. मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून कुरजा नावाचे करकोचे हिवाळ्यात तेथे हजारोंनी येतात. गावकरी त्यांना रोज दाणे घालतात. कित्येक वर्षांचा हा नेम आहे. २०२५ मध्ये खीचनला रामसर पाणथळीचा मान मिळाला. दाणे टिपायला पक्षी सकाळी लवकर उतरतात. ते पाहायचे तर जोधपूरहून पहाटे चारला निघणे भाग. तरुण भगिनी म्हणाल्या, “निघू की!” मी नाही म्हटले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, समृद्धी महामार्गावर बस पेटून पंचवीसजण गेले. ती सकाळ आपण कोणी विसरलेलो नाही. आणि वाळवंटातल्या रस्त्यावर तर अंधारात उंट नि गुरे आडवी येतात. दिवस उजाडल्याखेरीज गाडी हलणार नाही आणि दिवस मावळल्यावर चालणार नाही, असा ठराव झाला. चौकशी केल्यावर कळले की दुपारच्या सुमारास तेच पक्षी तळ्यावर पाणी प्यायला येतात. मग काय, आपला आणि त्यांचा पाणी पिण्याचा वेळ एकच धरला!

सूर्याचाही हिशेब करावा लागला. जैसलमेर आपल्या मानाने बरेच पश्चिमेला, म्हणून तेथे दिवस उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो. शिवाय पोकरणपासून पुढचा रस्ता पश्चिमेकडेच जातो, त्यामुळे दुपारनंतर ऊन चालकाच्या थेट डोळ्यांत येते. सकाळभर रेंगाळून शेवटी घाई करणे हे येथे फार वाईट. म्हणून साडेपाचला मुक्कामी पोचायचे, हे आधी लिहिले आणि तेथून मागे मागे येत जोधपूर सोडण्याची वेळ काढली. ती निघाली सकाळी सातची. कोठलीही वेळ ठरविताना ती अशीच शेवटाकडून मोजावी. आपण स्वयंपाकात तेच करतो; पंगत बाराला बसायची तर कणीक केव्हा मळायची, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

वाळूच्या टेकड्या पाहायला सम गावी जावे लागते. ते जैसलमेरच्या पुढे सुमारे चाळीस किलोमीटर. पहिल्याच सायंकाळी तेथे धावण्याचा बेत काही जणींनी मांडला होता. तो आपण नाकारला. दहा तास गाडीत बसून आलेल्या बाईला वाळू पाहून आनंद होत नाही, तिला फक्त अंथरूण दिसते. वाळू दुसऱ्या दिवसावर ठेवली. भगिनींनो, काय पाहायचे हे ठरविणे सोपे असते. आज काय पाहायचे नाही, हे ठरविणे म्हणजे आखणी.

आता प्रत्यक्षात काय घडले ते थोडक्यात सांगते. रेल्वेने जोधपूर गाठल्यावर पहिला दिवस आपण मेहरानगड किल्ला आणि खेजडली यांना दिला. खेजडली जोधपूरपासून सुमारे पंचवीस किलोमीटर, पण आपल्या वाटेच्या उलट दिशेला. तरीही ती सोडायची नाही, यावर कोणाचेच दुमत नव्हते. १७३० मध्ये राजाची माणसे तेथे झाडे तोडायला आली तेव्हा अमृतादेवी बिश्नोई आणि तिच्या तीन मुलींनी झाडांना मिठी मारून प्राण दिले आणि त्यांच्यामागून एकूण ३६३ माणसांनी. ते झाड खेजडीचे, म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो त्या शमीखाली त्या दिवशी आपण बसलो आणि बराच वेळ कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी बरोबर सातला निघालो. ओसियाँला सच्चियाय मातेचे देऊळ टेकडीवर आहे, पायऱ्या पुष्कळ. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालचे आठव्या शतकातील महावीर मंदिर पाहिले. आपल्याकडील बाजारपेठांतल्या ओसवाल कुटुंबांचे नाव याच गावावरून आले आहे. खीचनला तळ्याच्या काठी आपण एक तास दहा मिनिटे होतो. दुपारी फलोदीला जेवण. बरोबर नेलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तेथली केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे त्याच शमीच्या शेंगा. रामदेवऱ्याला बाबा रामदेवांच्या समाधीजवळ त्यांच्या शिष्या डालीबाई यांचीही समाधी आहे, तेथे सर्वांनी माथा टेकला. हिंदू आणि मुसलमान दोघेही तेथे येतात. पोकरणला १९७४ आणि १९९८ मध्ये अणुस्फोटांच्या चाचण्या झाल्या. ती जागा लष्कराच्या ताब्यात असल्याने पाहता येत नाही. आपण गावात चहा घेतला.

आणि तेथेच आखणी चुकली. ज्या पेट्रोलपंपावर थांबण्याचे मी लिहिले होते तेथील स्त्रियांच्या शौचालयाला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे ते कोणाला ठाऊक नाही. जुन्या सवयीने दोघी-तिघी म्हणाल्या, “जाऊ द्या, जैसलमेरलाच बघू.” तेव्हा आमच्या जाऊबाई पुढे झाल्या. पिशवीतून दोन जुनी लुगडी आणि दोरी काढली, गावाबाहेर गाडी उभी करायला लावली, दोन बाभळींना आडोसा बांधला आणि म्हणाल्या, “आता रांगेने जा. कोणी लाजली तर तिला पुन्हा पाणी पाजीन.” एवढी हसत हसत ती बारा मिनिटे गेली, की पुढे सगळ्या प्रवासाची गोष्ट निघाली की आधी तीच निघते. साडेपाचऐवजी पावणेसहाला पोचलो. सूर्य अजून वर होता. गडीसर तळ्याच्या काठी बसून किल्ल्यावरचे ऊन तांबूस होताना पाहिले. ११५६ मध्ये रावळ जैसलने वसविलेले ते नगर. वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही, तरी शतकानुशतके तेथे माणसे नांदतात, ती पाण्याची आखणी केली म्हणूनच.

पुढच्या खेपेस जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते. दरडोई तीन लिटर पाणी गाडीत असू द्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे एका बाटलीत वेगळे ठेवावे. चमचा चहाचा घ्यावा. डोके झाकावे, खेतडीच्या राजांनी १८९१ मध्ये विवेकानंदांना फेटा बांधायला शिकविला तो तिकडच्या झळांपासून जपण्यासाठीच, असे सांगतात. चालकाला प्रत्येक थांब्यावर आपल्याबरोबर बसवून खाऊ घालावे. आणि लुगडी व दोरी विसरू नये.

शेवटी एकच. परत आल्यावर मी जाऊबाईंना विचारले, तुम्हाला सर्वांत काय आवडले? मला वाटले, करकोचे म्हणतील किंवा किल्ला म्हणतील. त्या म्हणाल्या, “अगं, दिवसभरात मी तीन बाटल्या पाणी प्याले.”

भगिनींनो, वाट आखताना याहून मोठे माप मला सापडलेले नाही.