सागवानी जहाज घरच्या टेबलावर

नांदेड-लातूरला समुद्र नाही, पण किनवटच्या जंगलात साग आहे. सुताराकडे उरलेले सागाचे तुकडे मागून आणा. लाकडी जहाजाची प्रतिकृती त्यातूनही साकारते.

नमुना म्हणून मी ‘त्रिंकोमाली’च सुचवेन. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागात बांधलेली ही युद्धनौका 1817 मध्ये पाण्यात उतरली. तिच्या आराखड्यांची पहिली प्रत 1812 मध्ये ‘जावा’ जहाजाबरोबर नष्ट झाली होती, दुसरी मागवावी लागली. आजही ही नौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे! तिचा तोफांचा मजला सुमारे 150 फूट लांब. 1:96 प्रमाणात तो साधारण दीड फुटात बसतो.

आधी पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, अगदी सरळ बसवा. मग फासळ्या, आणि त्यांवर दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. पट्टी गरम पाण्यात भिजवून हलक्या हाताने वाकवा, कपड्यांच्या चिमट्यांनी धरून पूर्ण वाळू द्या. घाई केली की पुढच्या टोकाशी, नाळेच्या वळणावर, हमखास तडकते. साग तेलकट असतो, त्यामुळे सरस नीट धरत नाही. जागा आधी स्पिरिटने पुसा. दोरांसाठी सुती दोऱ्याला मेण चोळा, म्हणजे तंतू सुटत नाहीत.