बलाढ्य शेजारी आणि आपला मुलूख



स्वागत समितीच्या वतीने शिवनेरीच्या पायथ्याशी तुमचं मनापासून स्वागत.

परिषदेची विषयपत्रिका पाहून इथल्या एका बागायतदाराने विचारलं, ‘‘जपान-चीनचं आम्हाला काय?’’ त्याला उत्तर असं: इ.स. 607 मध्ये जपानने चीनच्या सुई सम्राटाला बरोबरीच्या नात्याने पत्र धाडलं. सम्राट चिडला, पण पुढच्याच वर्षी त्याचा दूत जपानला गेला. बलाढ्य शेजाऱ्याशी असले डाव आपल्या मातीतही खेळले गेले.

नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे, तर मानमोडीच्या लेण्यात त्यांचा प्रतिस्पर्धी क्षत्रप नहपान याच्या अमात्याचा. दोन्ही एकाच तालुक्यात, जुन्नरमध्ये! पुढे 1636 मध्ये मोगल आणि आदिलशहा यांनी निजामशाही वाटून घेतली आणि जुन्नर मोगलांकडे गेलं.

मग आलं 1657. औरंगजेब बीदरला असताना शिवरायांचे वकील सोनाजीपंत त्याच्या छावणीत पोहोचले. 23 एप्रिलला औरंगजेबाने महाराजांना आश्वासनाचं पत्र लिहिलं. त्यानंतर आठवडाभरातच, रात्रीच्या अंधारात, महाराजांची माणसं दोराच्या शिड्या लावून जुन्नरच्या तटावर चढली. तीन लाख होन आणि 200 घोडे घेऊन गेली. त्याच वर्षी आदिलशहाने मोगलांशी तह केला आणि महाराज एकटे पडले. लगोलग त्यांचे वकील रघुनाथपंत औरंगजेबाशी बोलणी करायला निघाले. बाप आजारी, तख्ताची घाई, म्हणून औरंगजेबाने माफी दिली; आपल्या सरदारांना मात्र शिवाजीवर नजर ठेवायची ताकीद दिली. दोघेही एकमेकांना पुरते ओळखून होते.

आम्ही जुन्नरकर शिड्यांची गोष्ट रंगवून सांगतो, वकिलांचं नाव काढत नाही. ही आमची जुनी खोड. ज्याचं शहर लुटलं त्याच्याच दरबारी जाऊन, चेहरा न बदलता बोलायचं, हे काम मला तरी तट चढण्याहून अवघड वाटतं. या परिषदेत या दोन्ही पंतांवर एखादा निबंध यावा, ही यजमानाची हक्काची मागणी समजा. बोलण्यांनी सगळंच साधलं असं मात्र नाही. जन्मस्थान असलेला हा शिवनेरी महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही.

दुपारी मासवडी आणि बाजरीची भाकरी आहे. रस्सा झणझणीत आहे, बेताने घ्या. आंबेगावची मंडळी वाढायला उभी आहेत, त्यांना नाही म्हणू नका. उद्या गडावर जाणाऱ्यांनी उजाडल्यावरच निघावं. उसाच्या कडेने बिबट्याचा वावर आहे, हे थट्टेने सांगत नाही.

आता अध्यक्षांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.