परदेशातील विद्या आणि उपजीविकेची वाट



आज अनेक घरांतील मुले-मुली उच्च शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. त्यासाठी कोणी बँकेचे कर्ज काढतो, तर कोणी वडिलोपार्जित बागायत तारण ठेवतो. पदवी हाती आली की नोकरी आपोआप चालून येईल, असा बहुतेकांचा समज असतो. हा समज किती खरा, हे पाहण्यासाठी शेजारच्याच एका थोर विद्यार्थ्याचे चरित्र उपयोगी पडेल.

रेडीची वेस ओलांडली की तेरेखोल, आणि तेथून गोव्याची हद्द. त्या गोव्यातील साखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. घरच्या नारळीच्या बागेची देखभाल हेच काम. मराठी मासिकातील एका लेखातून बुद्धचरित्राची गोडी लागली आणि १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास करीत त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. काशीत अन्नछत्रातील जेवणावर दिवस काढले.

पुढे बौद्ध धर्माच्या शोधार्थ ते नेपाळात गेले. परंतु हवे होते ते तेथे सापडले नाही. तेव्हा हट्ट न धरता त्यांनी दिशा बदलली आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपी, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात, सुमंगलाचार्यांपाशी पाली भाषेचे अध्ययन आरंभिले. भाषा परकी, अन्न न मानवणारे, गाठीस पैसा नाही. त्यानंतर ब्रह्मदेशातही त्यांनी अध्ययन केले. देश आधी ठरवून मग विषय शोधावयाचा, असे त्यांनी केले नाही. विषय ठरला होता. त्याचा उत्तम गुरू जेथे, तेथे ते गेले.

मायदेशी परतल्यावर कोणतीही जागा त्यांची वाट पाहत नव्हती. पाली शिकविणारी विद्यालयेच इकडे अत्यल्प होती. कलकत्त्यास त्यांनी अध्यापनास प्रारंभ केला आणि तेथील विद्यापीठात त्यांना वेतनही मिळू लागले. तरीही महाराष्ट्रात या विद्येचा प्रसार व्हावा म्हणून त्यांनी ते स्थान सोडले आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे साहाय्य स्वीकारले. ज्या मालाला आज गिऱ्हाईक नाही, त्याचे मोल लोकांना पटवून देण्याचे कार्य त्यांना प्रथम करावे लागले.

या निष्ठेचे फळ पुढे मिळाले. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी परिचय झाला आणि १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी कोसंबी अमेरिकेस गेले. तेथे संपादनाच्या श्रेयाविषयी मतभेद झाले व १९१२ मध्ये ते परतले. कार्य कितीही उदात्त असो, अटी आरंभीच स्पष्ट असाव्यात, हा धडा व्यापाऱ्यास नवा नाही. विद्यार्थ्याने मात्र तो अवश्य घ्यावा. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली व विद्वान शिष्य घडविले. पुढे गुजरात विद्यापीठात पंडित सुखलालजी व मुनी जिनविजयजी यांच्या सहवासात त्यांनी कार्य केले.

या वाटेची किंमत मात्र त्यांच्या कुटुंबानेही मोजली. कोसंबी निघाले तेव्हा घरी तरुण पत्नी आणि तान्ही कन्या होती. मुलाच्या यशाचा ताळेबंद मांडताना घरच्यांनी सोसलेले दिवस खर्चाच्या बाजूस लिहावेच लागतात.

आजच्या विद्यार्थ्यास अन्नछत्राचा आश्रय घ्यावा लागत नाही, परंतु त्याच्यापाशी वेळ मोजका असतो. अमेरिकेत पदवीनंतर प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी १२ महिने मिळतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांच्या पात्र पदवीधरांना आणखी २४ महिने मिळू शकतात. त्या पहिल्या १२ महिन्यांत कामाविना गेलेले दिवस एकूण ९० पेक्षा अधिक होऊन चालत नाहीत. पुढे लागणाऱ्या एच-१बी परवान्याची सर्वसाधारण वार्षिक मर्यादा ६५,००० आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० एवढी आहे. इच्छुक त्याहून अधिक असले की गुणवान मुलांनाही परतावे लागते. असे परतलेल्या मुलाकडे समाजाने पराभूत म्हणून पाहू नये. कोसंबीही परतलेच होते.

म्हणून पालकांनी विद्यापीठाच्या नावापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. मुलास कोणती विद्या मनापासून हवी आहे? ती उत्तम शिकविणारा कोण आहे? आणि परवाना न मिळाल्यास ती विद्या भारतात वा अन्यत्र चालेल काय? विद्यार्थ्याने पहिल्या सत्रापासूनच अध्यापकांशी व त्या क्षेत्रातील जाणत्यांशी परिचय वाढवावा. अखेरच्या महिन्यात केलेली धावपळ क्वचितच फळते. कर्जाचा हप्ता येथील वेतनातूनही फेडता येईल, एवढीच उचल करावी.

आपल्या संस्थांनी शिष्यवृत्तीचा धनादेश दिल्यानंतरही त्या विद्यार्थ्याची विचारपूस चालू ठेवावी. परदेशी स्थिरावलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याचा पत्ता आणि अडचणीच्या वेळी आलेला एक दूरध्वनी यांचे मोल रकमेहून कमी नसते. आणि मुलगा रिकाम्या हाताने परतला असे वाटले, तरी त्याने काय आणले आहे हे आधी त्यालाच विचारावे.