बॅट वाढत्या अंगाची नको

आज मी बॅटविषयी बोलणार आहे. हो, क्रिकेटच्या बॅटविषयी. बायांच्या कार्यक्रमात बॅट कुठून आली, असं कुणाला वाटलं तर तिने आपल्या गल्लीत संध्याकाळी एक चक्कर मारावी. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्या संघात आपल्या सांगलीची स्मृती मानधना होती. तेव्हापासून किती पोरींनी घरात बॅटचा हट्ट धरला, ते तुम्हाला माहीतच आहे.

माझ्या पोरीने तो हट्ट त्याच्याही आधी धरला होता. ती तेव्हा आठवीत होती. मी आमच्या गटातून कर्ज काढलं. मीटिंगमध्ये एकीने विचारलंच, "शेळीला नाही, शिलाई मशीनला नाही, आणि बॅटला कर्ज?" मी म्हटलं, फेडणार मी आहे. कर्ज मिळालं. तालुक्याच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "ताई, मोठीच घ्या, पोरगी वाढतेय. पुन्हा पुन्हा खर्च नको." मला ते पटलं. आपण फ्रॉक वाढत्या अंगाचा घेतो, चप्पल एक नंबर मोठी घेतो, तशीच बॅटही घेतली. मोठ्या माणसांची, पूर्ण मापाची.

दोन महिन्यांत पोरीचा खेळ उतरला. आधी ती भावाच्या फळकुटाने का होईना, बरी मारायची. आता सरळ आलेला बॉलही हुकायचा, नाहीतर हवेत उडायचा. रात्री मनगट चोळत बसायची. "आई, मला जमत नाही, मी सोडते," म्हणाली. मी चिडले. मला वाटलं, हौस फिटली हिची आणि कर्ज माझ्या गळ्यात. शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवणाऱ्या मॅडमनी तिला एकदाच खेळताना पाहिलं आणि मला विचारलं, "ही बॅट कोणाची आहे?" मी म्हटलं, हिचीच. त्या म्हणाल्या, "हिची नाही ही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, खुरपणीला जाताना आपण दुसरीचं खुरपं घेतो का? प्रत्येकीच्या मुठीचं खुरपं वेगळं. दुसरीचं घेतलं की संध्याकाळी हाताला फोड येतात. हे मला कळत होतं. बॅटच्या बाबतीत मात्र कळलं नाही, कारण बॅट मी कधी हातात धरलीच नव्हती.

बॅटला नंबर असतात. लहान मुलांच्या एक ते सहा, मग हॅरो नावाचं एक मधलं माप, आणि त्यानंतर पूर्ण माप. पूर्ण मापाची बॅट साधारण 33 ते 34 इंच लांब असते, पाच नंबरची 31 इंचांच्या आसपास. माझी पोर तेव्हा चार फूट अकरा इंच होती. त्या उंचीला पाच नंबर बसतो, फार तर सहा. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा इकडेतिकडे असतो, म्हणून नुसत्या तक्त्यावर जाऊ नका. पोरीला बॅट शेजारी धरून सरळ उभं करा. बॅटचं टोक पायाजवळ जमिनीवर, दांडा मांडीला टेकलेला. दांड्याचं वरचं टोक जांघेच्या जवळपास यावं. कमरेच्या वर गेलं तर बॅट मोठी आहे. मग तिला खेळायला उभी राहतात तशी वाकून उभी राहायला सांगा. बॅट लांब असली तर दांडा पोटाला अडतो आणि पोर हात बाजूला काढून खेळते. आखूड असली तर ती फारच वाकते, आणि तासाभराने पाठ धरते.

लांबीनंतर वजन. खरा घोळ इथेच होतो. मोठ्या माणसांची बॅट 1100 ते 1300 ग्रॅमपर्यंत असते. ऐकायला काहीच वाटत नाही. आपली पोर दहा लिटरची कळशी उचलते, तिला सव्वा किलो काय जड? पण भरलेली कळशी कडेवर घेतली की चालते. तीच हात लांब करून धरून बघा! बॅटचं वजन असं हाताच्या पुढे लांब असतं. आणि ती नुसती धरायची नसते, बॉल येईपर्यंतच्या क्षणात वर न्यायची आणि खाली आणायची असते. जड बॅट खाली उशिरा येते. मग पोर खालच्या हाताने ती ओढते, बॅटचं तोंड फिरतं आणि बॉल हवेत जातो. माझ्या पोरीचं नेमकं हेच होत होतं.

यासाठी मॅडमनी एक सोपी परीक्षा सांगितली. उजव्या हाताने खेळणारीचा डावा हात दांड्यावर वर असतो. स्मृतीसारख्या डावखुऱ्या खेळाडूचा उजवा वर असतो. तो वरचा एकच हात दांड्यावर ठेवायचा, दुसरा सोडून द्यायचा. हात खांद्याच्या उंचीला समोर ताठ करायचा आणि मनात दहा आकडे मोजायचे. बॅटचं टोक खाली झुकलं, हात थरथरला, किंवा पोरीने कंबर मागे टाकली, तर बॅट जड आहे. आमच्या पूर्ण मापाच्या बॅटला पोर तीन आकड्यांत झुकली. मी स्वतः धरली तर मी पाचपर्यंत टिकले, आणि मी जन्मभर विहिरीचं पाणी ओढलेली बाई आहे.

अजून एक. काट्यावर सारख्या भरणाऱ्या दोन बॅट हातात सारख्या लागत नाहीत. एकीचं लाकूड टोकाकडे जाड असतं, ती जड लागते. दुसरीचं हाताच्या जवळ असतं, ती हलकी लागते. म्हणून "किती ग्रॅम?" हे विचारा जरूर, पण शेवटी पोरीला मारण्याची ॲक्शन करून बघायला लावा, पाच-सहा वेळा, सावकाश. ती काय बोलते त्याकडे लक्ष द्याच, पण तिच्या खांद्याकडेही बघा.

गंमत बघा. मुलींच्या सामन्यातला लेदरचा बॉल पुरुषांच्या बॉलपेक्षा हलका असतो. त्यांचा 156 ते 163 ग्रॅम, मुलींचा 140 ते 151. खेळाचे नियम करणाऱ्यांनी बॉल हलका केला, आणि आपण पोरीच्या हातात भावाची जुनी जड बॅट देतो. ती फुकट असते म्हणून.

आता सगळ्यात उपयोगाचं सांगते, आणि याला पैसे लागत नाहीत. दुकानात जायच्या आधी मैदानावर परीक्षा घ्या. गावात, शाळेत, चार जणींकडे चार मापांच्या बॅट असतात. दोन-तीन मागून आणा. टेनिसचा जुना बॉल घ्या, तो ओला करून खडूच्या भुकटीत लोळवा. कुणीतरी सात-आठ पावलांवरून हात खालून हळू बॉल टाकायचा, पोरीने सरळ मारायचा. बॉल बॅटवर जिथे लागतो तिथे पांढरा ठिपका उठतो. बारा बॉल झाले की ठिपके मोजा, बॅट पुसा, पुढची बॅट घ्या. मधल्या जाड भागात किती ठिपके, कडेला किती, टोकाला किती, ते वहीत लिहा.

यात एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. आम्ही पहिल्या दिवशी एका मागून एक तीन बॅट तपासल्या. तिसऱ्या बॅटपर्यंत पोरीचा हात थकला होता, म्हणून ती बॅट वाईट ठरली. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला, तर तीच बॅट चांगली निघाली! म्हणून परीक्षा दोन दिवस घ्या, क्रम बदला, मध्ये पाणी प्यायला बसा. बॉल टाकणारी व्यक्तीही दोन्ही दिवस तीच असू द्या. आमच्या वहीत शेवटी असं आलं: पूर्ण मापाच्या बॅटवर बारापैकी तीन ठिपके मध्ये, सहा नंबरवर पाच, पाच नंबरवर सात. दोन्ही दिवसांत एक-दोनाचा फरक पडला, पण क्रम तोच राहिला. पोर मात्र म्हणत होती, "मला सहा नंबर आवडली." ती दिसायला झकास होती, तिच्यावर मोठ्या खेळाडूचं स्टिकर होतं. आम्ही वहीचं ऐकलं.

आता दुकानात काय बघायचं ते सांगते. आधी विचारा, बॅट टेनिस बॉलची आहे की लेदरची. टेनिसची बॅट लेदर बॉलला लावली की फुटते, आणि दुकानदार म्हणतो आम्ही सांगितलं होतं. लेदरची बॅट विलो नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. काश्मीरमध्ये अनंतनाग जिल्ह्यात हायवेच्या कडेला बॅट बनवणारे कारखाने ओळीने आहेत. ती काश्मीर विलो. ती थोडी कडक आणि जड असते, पण स्वस्त. इंग्लंडच्या विलोची बॅट मऊ लाकडाची, बॉल तिच्यावरून चांगला सुटतो, पण किंमत कितीतरी पट. शिकणाऱ्या पोरीला काश्मीर विलो पुष्कळ झाली. मोठ्या मापाची महाग बॅट घेण्यापेक्षा तिच्या मापाची काश्मीर विलो कधीही बरी.

प्लास्टिकचं आवरण काढून द्यायला सांगा. दांडा आणि फळी जिथे जोडली आहे तिथे बोट फिरवा. फट लागली तर ठेवून द्या. बॅट डोळ्यासमोर धरून लांबून बघा, जशी आपण काठी सरळ आहे का बघतो. पीळ असेल तर लगेच दिसतो. स्टिकरखाली चीर लपते, म्हणून स्टिकरच्या कडेने बघा. दांडा पोरीच्या मुठीत बसतो का ते बघा. मूठ जाड असली तर बोटं पुरत नाहीत आणि ती नको तितकी आवळते. कधी दांड्यावर दोन रबरं चढवलेली असतात, त्यातलं एक काढता येतं. आणि बॅट मोठी आहे म्हणून सुताराकडून खालून कापून घेऊ नका. आमच्या शेजारच्यांनी तसं केलं. लांबी कमी झाली, पण बॅटचा तोल गेला आणि कापलेल्या टोकातून ओल शिरून ती फुगली.

नवी बॅट आणली की लगेच खेळायला द्यायची नाही. तिला तेल पाजायचं. जवसाचं तेल, आपल्या घाण्यावरचं कच्चं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं नको. फडक्यावर थोडंसं घेऊन फळीला पातळ हात फिरवायचा आणि बॅट आडवी ठेवायची. दांडा आणि जोड कोरडे ठेवायचे. लोणच्यासारखं तेलात बुडवू नका, बॅट जड होते. फळीवर प्लास्टिकचा पापुद्रा असेल तर फक्त उघड्या लाकडाला तेल. मग जुना लेदर बॉल मोज्यात घालून किंवा लाकडी हातोडीने फळी हळूहळू ठोकायची, कडांना जास्त हळू, टोकावर सरळ ठोका नको. रोज अर्धा तास, पंधरवडाभर. माझ्या सासूबाई ओट्यावर बसून ठोकायच्या. भजन ऐकता ऐकता. त्यांना बॉल कसा टाकतात ते माहीत नाही, पण आवाज बदलला की त्यांना कळायचं. "आता पक्की झाली गं," म्हणायच्या.

आमची पूर्ण मापाची बॅट शेजारच्या गावातल्या एका मुलाला विकली, थोडं नुकसान सोसून. पाच नंबरची घेतली. पोर मोठी खेळाडू झाली असं सांगायला मी इथे आलेली नाही. ती जिल्ह्याच्या निवडीला गेली, पहिल्या वर्षी घरी आली, दुसऱ्या वर्षीही घरी आली. पण मनगट चोळणं थांबलं, आणि "सोडते" हा शब्द पुन्हा तोंडातून आला नाही. दोन वर्षांनी ती उंच झाली तेव्हा पाच नंबरची बॅट लहान पडली. मग मीटिंगमध्ये शेळीचं विचारणाऱ्या त्याच ताईंच्या नातीला आम्ही ती दिली. आता आमच्या गटाने चार, पाच आणि सहा नंबरच्या तीन बॅट सामायिक ठेवल्या आहेत. ज्या पोरीला घ्यायची आहे तिने आधी त्यांच्यावर परीक्षा करायची, मग दुकानात जायचं. खडूची भुकटी आणि वही आमच्या खजिनदार बाईंकडे असते.